इशारा पातळीलाच घर सोडा : पूर, वृद्धांचे स्थलांतर आणि शौचालयाचा प्रश्न

पावसाळ्यात कोल्हापुरातल्या कोणालाही विचारले, तरी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे तो पटकन सांगेल. सांगलीकरांना आयर्विन पुलाजवळचे कृष्णेचे ४० आणि ४५ फूट हे आकडे तसेच पाठ असतात. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याची पातळी दर काही तासांनी मोबाइलवर फिरते, चौकाचौकांत तिची चर्चा होते. मात्र इशारा आणि धोका यांच्यामधल्या चार-पाच फुटांचा उपयोग नेमका कोणासाठी करायचा, याबद्दल फारसे बोलले जात नाही. माझ्या मते ते अंतर प्रामुख्याने घरातल्या वृद्धांसाठी आहे. धडधाकट माणूस पाणी अंगणात आल्यावरही निघू शकतो. गुडघे धरलेल्या, रात्रीतून चार वेळा लघवीला उठणाऱ्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला निघायला कित्येक तास लागतात, आणि त्यातला बराचसा वेळ ‘मी येत नाही’ हे ऐकण्यात जातो.

हा नकार नीट समजून घेतल्याशिवाय स्थलांतराची कोणतीही योजना उपयोगाची नाही.

नकाराचे पहिले कारण म्हणजे आठवण. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णा ५७ फुटांच्या वर आणि कोल्हापुरात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. त्याआधीचा मोठा पूर २००५ सालचा होता आणि त्या वेळी पाणी याहून काही फूट खाली थांबले होते. त्यामुळे ‘२००५ ला पाणी आपल्या पायरीला लागले नव्हते, आता कशाला लागेल’ या हिशेबाने अनेक कुटुंबे घरातच राहिली आणि मग होडीची वाट पाहत माडीवर अडकली. जुन्या पुराच्या खुणा घरातल्या वडीलधाऱ्यांना सर्वांत चांगल्या आठवतात, म्हणून त्यांचा शब्द मोडायला कोणी धजावत नाही. दुसरे कारण जनावरांचे. गोठ्यातल्या म्हशी सोडून म्हातारा माणूस हलत नाही आणि त्याचे बरोबरही आहे, कारण त्याच्या लेखी ती घरातलीच माणसे असतात. ज्या गावांत जनावरे आधी आणि चाऱ्यासह हलवली जातात, तिथे म्हातारी माणसे मागोमाग निघतात, हे नदीकाठच्या तलाठ्यांना आणि पोलीस पाटलांना चांगले ठाऊक असते.

तिसरे कारण कोणी उघडपणे सांगत नाही. ते शौचालयाचे असते. निवारा केंद्र म्हणजे बहुधा जिल्हा परिषदेची शाळा किंवा मंगल कार्यालय. तिथली शौचालये भारतीय पद्धतीची, म्हणजे उकिडवे बसण्याची, मुलांच्या मापाची, वर्गांपासून लांब, वाटेत चिखल आणि रात्री अंधार. ज्या आजी घरी कमोडच्या खुर्चीशिवाय बसू शकत नाहीत, त्यांनी तिथे काय करायचे? ज्या आजोबांना प्रोस्टेटमुळे दर दीड-दोन तासांनी जावे लागते, त्यांनी शंभर माणसांच्या रांगेत उभे राहायचे का? कपड्यात झाले तर सुनेसमोर आणि गावासमोर लाज जाईल, ही भीती पुराच्या पाण्यापेक्षा मोठी असते. म्हणून तोंडाने म्हशीचे आणि देव्हाऱ्याचे कारण सांगितले जाते. घरातल्यांनी ‘तिथे तुमची जायची सोय मी अशी अशी केली आहे’ असे आधीच स्पष्ट सांगितले, तर निम्मा विरोध तिथेच मावळतो, असे माझे ठाम मत आहे.

पाणी न पिण्याची किंमत

हा प्रश्न केवळ संकोचाचा असता, तर त्यावर एवढे लिहायची गरज नव्हती. शौचालय गैरसोयीचे असले की वृद्ध माणूस पहिला उपाय स्वतःच शोधतो, तो म्हणजे पाणी पिणे कमी करणे. ‘मला तहानच नाही’ असे तो सांगतो आणि ते अर्धे खरेही असते, कारण वयानुसार तहानेची जाणीव बोथट होत जाते. दोन दिवस असे गेले की लघवी गडद आणि थोडी होते, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो, शौचाला खडा होतो, उठताना रक्तदाब उतरून चक्कर येते आणि त्या चक्करीत पडून खुब्याचे हाड मोडते. रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर हे सगळे अधिक वेगाने घडते. पुष्कळदा त्या गोळ्याही ‘जायला नको’ म्हणून मनानेच बंद केल्या जातात आणि मग पायांवर सूज येऊन दम लागतो. वृद्धांमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग नेहमीच ताप आणि जळजळ घेऊन येतो असे नाही. अनेकदा तो अचानक आलेल्या गोंधळातून दिसतो. कालपर्यंत व्यवस्थित बोलणारी आजी आज असंबद्ध बोलू लागली, तर ते पुराच्या धक्क्याने किंवा वयामुळे झाले असे गृहीत न धरता डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

जपानमध्ये या गोष्टींचा बारकाईने अभ्यास झाला आहे. तिथे आपत्तीत थेट मेलेल्यांची आणि नंतर निवाऱ्यातल्या हालअपेष्टांमुळे मेलेल्यांची नोंद वेगवेगळी ठेवतात. एप्रिल २०१६ मधल्या कुमामोतोच्या भूकंपात थेट ५० माणसे गेली, पण नंतरच्या महिन्यांत त्या आपत्तीशी संबंधित म्हणून नोंदले गेलेले मृत्यू २०० च्या वर होते आणि त्यांपैकी बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे होते. त्याआधी २००४ च्या निइगाता प्रांतातल्या भूकंपानंतर मोटारीत रात्री काढणाऱ्या काही जणांच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊन त्या फुप्फुसात गेल्या. तासन्‌तास एकाच जागी बसणे आणि लघवीला जावे लागू नये म्हणून पाणी टाळणे, ही त्यामागची कारणे डॉक्टरांनी नोंदवली. कोबेच्या १९९५ च्या भूकंपानंतरच्या मृत्यूंत न्यूमोनियाचा मोठा वाटा होता. दात आणि कवळी स्वच्छ करायला पाणी नसले की तोंडातले जंतू वाढतात, आणि ते लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरले की वृद्धांना न्यूमोनिया होऊ शकतो, हे तेव्हापासून तिथल्या दंतवैद्यांनी लावून धरले आहे. अमेरिकेतल्या २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळात लुइझियाना राज्यात जे मेले, त्यांत जवळजवळ निम्मे ७५ किंवा त्याहून अधिक वयाचे होते. देश कोणताही असो, मरणाऱ्यांत म्हाताऱ्यांचा वाटा लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

निघायचे कधी

जपानने यातून एक साधा नियम काढला. त्यांच्या इशाऱ्यांच्या पाच पायऱ्या आहेत. चौथ्या पायरीला धोक्याच्या क्षेत्रातल्या सर्वांनी निघायचे असते, पण २०२१ पासून तिसऱ्या पायरीचे अधिकृत नावच ‘वृद्ध इत्यादींचे स्थलांतर’ असे ठेवले आहे. म्हणजे ज्यांना वेळ लागतो त्यांनी एक पायरी आधी निघायचे, आणि त्यासाठी कोणाची परवानगी किंवा आग्रह लागू नये. आपल्याकडे असा नियम कागदावर नसला, तरी कुटुंबाने तो स्वतःसाठी करून घ्यायला काहीच अडचण नाही. नदी इशारा पातळीला टेकली की घरातले वृद्ध निघतील, बाकीचे प्रशासनाच्या सूचनेप्रमाणे निघतील, असे पावसाळ्यापूर्वीच, शांत डोक्याने आणि खुद्द आजी-आजोबांना चर्चेत घेऊन ठरवावे. ऐनवेळी हुकूम सोडला तर हट्ट वाढतो. करवीर तालुक्यातल्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या गावांत पाणी लवकर शिरते, त्यामुळे तिथली कुटुंबे असा निर्णय दरवर्षी घेतात. इतरांनी त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

पंचगंगा आणि कृष्णा निदान सांगून येतात. कोकणातल्या नद्या तेवढी सवलत देत नाहीत. २२ जुलै २०२१ रोजी पहाटे चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी काही तासांत घराघरांत शिरले आणि अनेकांना वरच्या मजल्यावर जाण्याएवढाच अवधी मिळाला. अशा ठिकाणी पातळीच्या आकड्यावर विसंबता येत नाही. अतिवृष्टीचा लाल इशारा आणि मोठी भरती एकत्र येत असेल, तर तळमजल्यावरच्या वृद्धांनी संध्याकाळीच वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे किंवा उंचावरच्या नातेवाइकाकडे मुक्कामाला जाणे बरे. एखादी रात्र वाया गेली म्हणून काही बिघडत नाही. डोंगर उतारावरच्या वाड्यांनाही हेच लागू आहे, कारण दरड कोसळायला क्षणही पुरतो.

नातेवाइकाचे घर हे वृद्धांसाठी निवारा केंद्रापेक्षा जवळजवळ नेहमीच चांगले असते, कारण तिथे शौचालय ओळखीचे, जवळ आणि गर्दीविना मिळते. म्हणून ‘कोणाकडे जायचे’ या प्रश्नाआधी ‘कोणाकडे कमोड आहे किंवा कमोडची खुर्ची मावेल एवढी मोरी आहे’ हा प्रश्न विचारावा. भावकीत मानपान काय आहे याचा विचार नंतर करता येतो.

न्यायचे कसे

चालता येणाऱ्या माणसाला दिवसाउजेडी, पाणी नसलेल्या रस्त्याने, वाहनातून नेणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, आणि लवकर निघण्याचा खरा फायदाही तोच. होडीवर वेळ आली तर धोका किती वाढतो, हे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला दिसले. तिथे क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली बोट उलटली आणि बायकामुलांसह अनेकांचा जीव गेला. बोट भरलेली दिसली तर पुढच्या फेरीची वाट पाहावी, जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय बसू नये आणि वृद्ध माणसाला मध्यभागी, खाली बसवावे. बोटीत कोणीही मध्येच उभे राहू नये. भिजलेले नऊवारी लुगडे चांगलेच जड होते आणि पायात अडकते, म्हणून निघताना आजींना गाऊन किंवा सुटसुटीत कपडे घालण्याची विनंती करावी. याच कपड्यांत पुढे शौचालयातही सोपे जाते.

ज्यांना अजिबात चालता येत नाही, त्यांना पाठीवर घेण्यापेक्षा हातांच्या मजबूत प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, छातीपाशी आणि पायांपाशी ओढणीने किंवा उपरण्याने बांधून, दोघा-तिघांनी उचलणे सुरक्षित असते. जिना उतरताना खुर्ची थोडी मागे कलती धरावी आणि माणसाचे तोंड उतरण्याच्या दिशेला ठेवावे. जाड चादरीची किंवा घोंगडीची झोळी चालते, पण तिला चारही कोपऱ्यांना माणूस हवा. कोकणात आणि घाटमाथ्यावर डोलीची सवय असलेली माणसे अजून आहेत, त्यांना पावसाळ्यापूर्वीच सांगून ठेवावे. हे सगळे एकदा कोरड्या दिवशी करून पाहावे. खुर्ची दारातून निघत नाही किंवा जिन्याच्या वळणावर अडकते, हे तेव्हाच कळते.

लघवीची नळी लावलेल्या रुग्णाबाबत एक चूक हमखास होते. उचलताना मध्ये येऊ नये म्हणून लघवीची पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवली जाते. पिशवी मूत्राशयापेक्षा वर गेली की साचलेली लघवी उलटी आत जाऊ शकते आणि संसर्ग होतो. निघण्यापूर्वी पिशवी रिकामी करावी, वाटेत ती नेहमी कमरेच्या खाली राहील अशी धरावी आणि नळीला पीळ किंवा ताण बसत नाही ना, हे पाहावे. प्राणवायूच्या यंत्रावर असलेल्यांना वीज जाण्यापूर्वीच रुग्णालयात हलवणे योग्य. त्यासाठी १०८ ला वेळेत कळवावे, कारण रस्ते बंद झाल्यावर रुग्णवाहिका येऊ शकत नाही.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला रात्री हलवणे सर्वांत अवघड जाते, कारण अंधार पडला की अशा अनेकांची बेचैनी वाढते. तिच्या खिशात नाव, कुटुंबातल्या दोघांचे मोबाइल क्रमांक आणि चालू औषधे लिहिलेला कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवावा आणि ओळखीचा एक माणूस सतत तिच्याजवळ असावा. शौचालयाला नेण्याचे वेळापत्रक, उदाहरणार्थ दर दोन तासांनी, घरी असेल तसेच केंद्रातही चालू ठेवावे. अशी व्यक्ती स्वतःहून सांगेलच असे नाही.

शौचाची पिशवी

घर सोडताना कागदपत्रांची पिशवी सगळे घेतात. आधार, निवृत्तिवेतनाचे पासबुक, सातबारा, सोनेनाणे. वृद्धांसाठी दुसरी एक पिशवी तयार हवी आणि माझ्या दृष्टीने ती पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. तिचा गाभा म्हणजे झाकणाची एक मजबूत बादली आणि घडी होणारी कमोडची खुर्ची. खुर्ची परवडत नसेल, तर प्लास्टिकच्या जुन्या खुर्चीच्या बैठकीत मधोमध भोक पाडून, कडा घासून गुळगुळीत केलेलीही चालते. मात्र भोक पाडल्यावर तिची ताकद कमी होते, म्हणून ती आधी धडधाकट माणसाने बसून तपासावी. बादलीला आतून दोन जाड काळ्या पिशव्या लावाव्यात. प्रत्येक वेळेनंतर वरून लाकडाचा भुसा, राख किंवा कोरडी माती एक-दोन मुठी टाकावी, म्हणजे वास आणि माशा दोन्ही कमी होतात. लघवी शक्यतो वेगळ्या भांड्यात घ्यावी. न्यूझीलंडमध्ये भूकंपाच्या तयारीसाठी दोन बादल्यांची जी पद्धत शिकवतात, तिचे मर्म हेच आहे की लघवी आणि शौच एकत्र झाले की घाण, वास आणि वजन तिन्ही वाढतात. पुरुषांसाठी लघवीचे प्लास्टिकचे भांडे आणि अंथरुणातल्यांसाठी बेडपॅन औषधांच्या दुकानात मिळते.

किती तयारी पुरेल, याचा अंदाज बांधायला सोपे जावे म्हणून दिवसाला पाच वेळा असा हिशेब धरावा आणि निदान तीन दिवसांचे, शक्य असेल तर आठवड्याचे सामान ठेवावे. प्रोस्टेटचा किंवा मधुमेहाचा त्रास असलेल्यांसाठी हा आकडा वाढवावा. मोठ्यांचे डायपर एरवी लागत नसले, तरी प्रवासापुरते घालायला हरकत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा बोटीत किती वेळ जाईल, ते कोणालाच ठाऊक नसते. याबद्दल आधी एकांतात, मान राखून बोलावे. चारचौघांत ‘आई, डायपर घाला’ असे म्हणणारा मुलगा किंवा सून पुढच्या नकाराची सोय करून ठेवते.

डायपर मात्र भरल्यावर लगेच बदलायला हवे. ओल्या आणि मळलेल्या त्वचेला एक-दोन दिवसांतच पुरळ येते, कातडी सोलवटते आणि अंथरुणावरच्या माणसाला त्याच जागी दाबाच्या जखमा होतात. साध्या पाण्याने किंवा ओल्या कपड्याने पुढून मागे पुसून, पूर्ण कोरडे करून झिंक ऑक्साइडचे मलम लावावे. स्त्रियांमध्ये पुढून मागे पुसण्याचा नियम कटाक्षाने पाळला, तर मूत्रमार्गाच्या संसर्गाची शक्यता कमी होते. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. हात साबणाने धुवावेत, कारण दिसण्याइतके घाण झालेल्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही.

भरलेल्या पिशव्यांचे काय करायचे, हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारत नाही आणि म्हणूनच त्या पुराच्या पाण्यात जातात. तेच पाणी खालच्या गावात पोहोचते. पिशवीचे तोंड घट्ट बांधून, ती दुसऱ्या पिशवीत घालून केंद्रातल्या कचरा उचलणाऱ्या यंत्रणेकडे द्यावी आणि आत काय आहे, ते स्पष्ट सांगावे, म्हणजे तो कर्मचारी हातमोजे घालील. पूर असताना खड्डा खणून पुरणे बहुधा चुकीचे ठरते, कारण त्या दिवसांत जमिनीतले पाणी खूप वर आलेले असते आणि विहिरी, हातपंप दूषित होतात. आणखी एक इशारा. बादली निर्जंतुक करायला टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरावी, पण ती शौचालय साफ करायच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा वायू बंद जागेत जीवघेणा ठरू शकतो. लघवी साचलेल्या भांड्यातही ती थेट टाकू नये, भांडे आधी पाण्याने विसळावे.

औषधांबद्दल थोडक्यात सांगायचे तर किमान दोन आठवड्यांचा साठा, डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स, चष्मा, कवळी आणि तिची डबी, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, काठी आणि विजेरी एका जागी ठेवावी. इन्सुलिनची चालू कुपी बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते, त्यामुळे फ्रिज नाही म्हणून ती फेकून देऊ नये. ओल्या कापडात गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात ती ठेवता येते.

निवारा केंद्रात काय मागायचे

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली मदत केंद्रांसाठी किमान निकष प्रसिद्ध केले. त्यांनुसार माणशी ३.५ चौरस मीटर जागा, दिवसाला किमान ३ लिटर पिण्याचे पाणी, ३० माणसांमागे एक शौचालय आणि ते केंद्रापासून ५० मीटरच्या आत असणे अपेक्षित आहे. वृद्धांच्या गरजांकडे विशेष लक्ष देण्याचेही त्यांत म्हटले आहे. या निकषांना २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार आहे. त्यामुळे सरपंचांना किंवा केंद्रप्रमुखांना त्यांची आठवण करून देणे म्हणजे तक्रारखोरपणा नव्हे. सत्तरीच्या गुडघ्यांना ५० मीटरही चिखलात लांब पडतात, ही गोष्ट वेगळी.

केंद्रात पोहोचल्यावर पहिल्या तासात वृद्धांसाठी शौचालयाच्या सर्वांत जवळची, तळमजल्यावरची खोली मिळवावी. एका खोलीच्या कोपऱ्यात चादरींचा आडोसा करून कमोडची खुर्ची ठेवली, की रात्रीचा प्रश्न सुटतो आणि ती चार-पाच कुटुंबांत मिळून वापरता येते. एक शौचालय फक्त वृद्ध आणि अपंगांसाठी राखून दारावर तसे लिहावे. आत धरायला दोरी किंवा बांबू पक्का बांधावा, वाटेवर विटा किंवा फळ्या टाकाव्यात आणि रात्रभर दिवा ठेवावा. यातली कोणतीही गोष्ट महाग नाही. गावातल्या चार तरुणांना सांगितले तर दुपारपर्यंत होते. स्त्रियांसाठी आडोशाला कडी आणि आत कपडे अडकवायला खिळा असला की त्या निर्धास्तपणे जातात.

पिण्याचे पाणी उकळून किंवा मेडिक्लोर (पाणी शुद्ध करण्याचे क्लोरीनचे द्रावण) घालून, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात आणि अर्धा तास थांबून वापरावे. वृद्धांसमोर तांब्या भरून ठेवण्यापेक्षा दर तासाला पेलाभर हातात देणे अधिक परिणामकारक ठरते. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा घातली असेल, तर तीच पाळावी. जुलाब सुरू झाले तर जलसंजीवनीचे एक पाकीट एक लिटर पाण्यात मिसळून घोट घोट द्यावे आणि वैद्यकीय पथकाला लगेच सांगावे. मदत म्हणून येणारे फरसाण, बिस्किटे आणि नूडल्स कवळी नसलेल्यांना चावत नाहीत आणि रक्तदाबवाल्यांना मिठामुळे त्रास देतात. मऊ भात, मुगाची खिचडी, नाचणीची पेज असे काही करणारी एक चूल केंद्रात असावी. त्याने पोटही साफ राहते. कोणत्याही बसलेल्या वृद्धाला तास-दीड तासाने उठवून चार पावले चालवावे, आणि ते जमत नसेल तर पायाचे घोटे वर-खाली करायला लावावेत, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो.

गावात कोण अंथरुणावर आहे, कोणाला नळी आहे, कोण एकटे राहते, याची यादी आशाताईंच्या आणि अंगणवाडी सेविकांच्या डोक्यात असते. ती जूनमध्येच कागदावर आणून ग्रामपंचायतीत, तलाठ्याकडे आणि बचाव पथकाच्या हाती द्यायला हवी. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असलेल्या आई-वडिलांची नावे या यादीत हमखास सुटतात, म्हणून मुलांनी फोन करून ती घालून घ्यावीत आणि शेजारच्या एकाला घराची किल्ली देऊन ठेवावी. मदतीसाठी ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन हे क्रमांक मोठ्या अक्षरांत फोनशेजारी चिकटवावेत.

इमारतीत अडकलात तर

२५ जुलै २०२४ रोजी पुण्यात खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या इमारतींचे तळमजले भरले. अशा वेळी वरच्या मजल्यांवरचे लोक बुडत नाहीत, पण लिफ्ट बंद, पंप बंद, नळ कोरडा अशा स्थितीत अडकतात. कमोडमध्ये पाणी ओतणे तेव्हा धोक्याचे असते. खाली मलवाहिनी तुंबलेली असली, तर वरच्यांनी सोडलेले पाणी खालच्या मजल्यांवरच्या शौचालयांतून आणि मोऱ्यांतून वर येते. तळमजल्यावरच्यांनी घर सोडण्यापूर्वी जाड पिशवीत पाणी भरून, तोंड बांधून, ती कमोडच्या भांड्यात आणि मोरीच्या जाळीवर ठेवावी. घाण उलटी येण्याला त्याने बराच अडथळा होतो. वरच्यांनी मलवाहिनी वाहती झाल्याचे कळेपर्यंत बादलीच वापरावी. चौथ्या-पाचव्या मजल्यावरचे वृद्ध खाली उतरवायचे की वरच ठेवायचे, याचा निर्णय त्यांची औषधे, पाणी आणि शौचाची सोय किती दिवस पुरेल, यावरून घ्यावा.

परत येताना

पाणी ओसरल्यावर म्हाताऱ्या माणसांना घर पाहण्याची घाई असते. त्यांना शेवटी आणावे. आधी धडधाकट माणसांनी पायात गमबूट आणि हातात मोजे घालून गाळ काढावा, विजेची तपासणी करून घ्यावी, अडगळीत साप नाहीत, याची खात्री करावी. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदीर आणि जनावरांच्या मूत्रातले हे जंतू चिखलातून, पायाच्या भेगांतून शरीरात शिरतात. मधुमेही वृद्धांच्या पायांना अशा भेगा असतातच आणि बऱ्याचदा त्या त्यांना जाणवतही नाहीत. घरी परतल्यावर पहिले काही दिवस त्यांचे पाय रोज पाहावेत, आणि ताप, पोटऱ्यांत दुखणे किंवा डोळे लाल होणे असे काही दिसले तर पुराच्या पाण्याशी संबंध आल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

शौचालयाची तपासणी वेगळी करावी. शोषखड्डा किंवा सेप्टिक टाकी गाळाने भरली असेल, तर भांड्यात ओतलेले पाणी तुंबून राहते. दोन बादल्या पाणी ओतून ते सहज जाते का, हे पाहावे. जात नसेल तर टाकी उपसून घ्यावी, पण आजूबाजूची जमीन अजून पाण्याने भरलेली असताना ती पूर्ण रिकामी करू नये, कारण बाहेरच्या पाण्याच्या दाबाने रिकामी टाकी वर उचलली जाऊ शकते किंवा तडकू शकते. टाकीत कोणीही उतरू नये. भिंतीला लावलेला आधाराचा दांडा आणि कमोडची खुर्ची भिजून सैल झालेली असते, तिचे स्क्रू आवळून, टीसीएलच्या पाण्याने धुऊन, वाळवून घ्यावे. तोपर्यंत निवाऱ्यात वापरलेली बादली आणि भुसा घरातही चालू ठेवायला हरकत नाही.